ब्रेकच्या नव्या लाइन टाकल्यावर हवा कशी काढायची

आमच्या २००६ च्या वॅगन आरच्या मागच्या ब्रेक पाइपाला पावसाळ्याच्या तोंडावर पाझर लागला. बाकीचा पाइप बरा होता. जिथे तो पत्र्याच्या क्लिपमध्ये बसतो, तिथे मात्र आत चिखल साचून लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. मुंबईत हे बऱ्याच जुन्या गाड्यांचं होतं. खारी हवा, चार महिने ओल, तुंबलेल्या पाण्यातून काढलेली गाडी, आणि पोटाखाली वाकून कोणी बघत नाही.

मी मागच्या दोन्ही लाइन आणि सगळे रबरी होस बदलले. ते काम अर्ध्या दिवसात झालं. हवा काढायला मात्र अख्खा रविवार गेला, कारण सर्व्हिसिंगच्या वेळी जशी काढतात तशीच मी काढत बसलो होतो. सर्व्हिसिंगच्या वेळी लाइन भरलेली असते, तुम्ही जुनं ऑइल ढकलून नवं आणता. लाइन बदलल्यावर पाइप रिकामे असतात. इथे आधी भरणं आणि मग हवा काढणं अशी दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम पेडलने करायला गेलात की दिवस जातो.

हा लेख साध्या, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या छोट्या गाडीसाठी आहे. एबीएसबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे, ते आधी वाचा. भारतात एप्रिल २०१९ पासून बनलेल्या जवळजवळ सगळ्या कारमध्ये एबीएस असतं, त्याआधीच्याही अनेक गाड्यांत आहे. आणि आजवर गाडीचं चाकही कधी काढलं नसेल, तर पहिल्या वेळी हे काम जाणत्या माणसाला शेजारी घेऊनच करा.

आकडा एकदा डोळ्यासमोर आणा

ब्रेकचा लोखंडी पाइप बाहेरून साधारण पावणेपाच मिलिमीटर जाड असतो, आतलं भोक सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरचं. म्हणजे एका मीटर पाइपात सुमारे ९ मिलिलिटर ऑइल मावतं. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पाइपात ढकलणारा मुख्य सिलिंडर) मागच्या चाकापर्यंत चार मीटर धरले तर ३५ मिलिलिटर झाले. पेडल एकदा पूर्ण दाबल्यावर छोट्या गाडीचा मास्टर सिलिंडर एका सर्किटमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या लाइनमध्ये, पाचेक मिलिलिटर ऑइल ढकलतो. याचा अर्थ मागच्या चाकाशी ऑइलचा पहिला थेंब यायलाच सात-आठ वेळा पूर्ण पेडल लागेल, तेही मध्ये कुठे हवा मागे सरकली नाही तर. पाइपात निव्वळ हवा असताना भराभर पेडल मारलं की ऑइल आणि हवा घुसळून फेस होतो. मोठा बुडबुडा एका झटक्यात बाहेर पडतो, पण फेसातले बारीक बुडबुडे जिथे तिथे चिकटून राहतात.

हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, एवढंच मूळ कारण. टायरमध्ये ३० पीएसआय दाब असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर या बारीक पाइपात तो १००० पीएसआयच्या सहज पुढे जातो. त्या दाबाखाली लाइनमधला बुडबुडा आकसून जवळजवळ नाहीसा होतो, आणि तेवढी जागा भरायला तुमचं पेडल खाली जातं. पाच मिलिलिटर ढकलणाऱ्या सिलिंडरपुढे दोन मिलिलिटर हवासुद्धा फार झाली.

सामान

ब्रेक ऑइल कोणतं ते डबीच्या (मास्टर सिलिंडरला ऑइल पुरवणारी, बॉनेटखालची टाकी) झाकणावर छापलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, उलट करू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते यात कधीही घालायचं नाही. डॉट ५.१ हे नाव त्याच्यासारखं वाटलं तरी ते डॉट ४ च्याच कुळातलं आहे. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून थेंबभर जरी गेलं तरी रबरी सील फुगतात आणि सगळी सिस्टिम खोलावी लागते, म्हणून ऑइल ओतायची नळी आणि फनेल नवीन ठेवा. एकूण एक लिटर आणा, तेही अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्यांत. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच किमान आकडा १५५ अंशांवर येतो. जुलैत मुंबईच्या हवेत आठवडाभर अर्धवट उघडी राहिलेली बाटली फेकून द्यावी, भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना तो फरक पायाला कळतो.

बाकी यादी छोटी आहे. फ्लेअर नटचा पाना, म्हणजे तोंडाला फट असलेला रिंग पाना, बहुतेक छोट्या गाड्यांना दहाचा. निप्पलसाठी (चाकाशी हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) आठचा किंवा दहाचा सहा कोनी रिंग पाना, बारा कोनी नको, जुन्या निप्पलचे कोपरे त्याने गोल होतात. निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी मीटरभर. फिश टँकची नळी चालते, क्रॉफर्ड मार्केटला मत्स्यालयाच्या दुकानांत मिळते. एक पारदर्शक बाटली, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी ठोकळे, भरपूर चिंध्या, बादलीभर पाणी. पाने नागदेवी स्ट्रीटला चांगले मिळतात. गाडीचे सुटे भाग मी ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना आरसा, दिवा, दरवाजासुद्धा घ्या, पण ब्रेकचा पाइप, होस आणि सिलिंडर मात्र जुने घेऊ नका.

पाइपाबद्दल इथेच सांगतो, कारण हवा काढण्याचं काम पाइपावरच अवलंबून आहे. मला एका गॅरेजमध्ये "फ्रिजचा तांब्याचा पाइप टाकून देतो, गंजणारच नाही" असं सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. तांबं-निकेलचा ब्रेकसाठीच बनवलेला पाइप वेगळा, तो उत्तम आणि वळवायलाही सोपा. तयार फ्लेअर (जॉइंटमध्ये बसणारं, पसरवलेलं पाइपाचं तोंड) असलेला, तुमच्याच मॉडेलचा पाइप मिळाला तर सगळ्यात बरं. फ्लेअरचे दोन मुख्य प्रकार असतात, दुहेरी दुमडलेला आणि बुडबुड्यासारखा फुगीर. एकाच्या जागी दुसरा आवळला तर नट बसतो, पण जॉइंट पाझरतो, आणि तुम्ही दिवसभर हवा काढत राहता.

ऑइल ओतण्याआधी

सगळ्यात आधी निप्पल. खरं तर लाइन काढायच्याही आधी, जुनी सिस्टिम भरलेली असतानाच, चारही निप्पल सुटतात का ते बघायचं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी निप्पलच्या माथ्यावर हातोडीने हलके चार ठोके द्या, मग पान्याने आधी किंचित आवळून पाहा आणि नंतर सोडवा. निप्पल आत तुटलं तर ते ड्रिल करत बसू नका. मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) फार महाग नसतो, तो बदला. काढलेल्या निप्पलचं भोक तारेने साफ करा.

लाइन बदलताना डबी रिकामी होऊ न देण्याची एक सोपी युक्ती आहे. पेडल इंचभर दाबून, सीट आणि पेडलमध्ये काठी अडकवून तसंच ठेवा. मास्टर सिलिंडरच्या आत डबीकडून येणारी भोकं त्याने बंद होतात आणि उघड्या पाइपातून ऑइल ठिबकत नाही. मात्र पेडल दाबलेलं असल्याने मागचे ब्रेक लाइट पेटून राहतात, म्हणून बॅटरीची एक तार काढा. मी हे केलं नव्हतं. डबी कोरडी पडली, मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरली, आणि पुढची निम्मी मेहनत त्या हवेमुळेच वाढली.

नव्या लाइन टाकल्यावर गाडीखाली पडून एकदा सगळीकडे हात फिरवा. फ्लेअर नट आधी हाताने तीन-चार आटे फिरला पाहिजे, पहिल्यापासून पाना लागत असेल तर आटे चुकलेत. कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) होस पोकळ बोल्टने बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे हवेत. होसला पीळ नको. बऱ्याच होसवर लांबीने एक रेघ छापलेली असते, ती सरळ दिसली पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पुढचा होस टायरला घासत नाही ना ते पाहा. प्रत्येक क्लिप जागेवर बसवा, आणि क्लिपच्या आत गंजरोधक थर द्या, आमचा पाइप तिथेच गेला होता.

कॅलिपर काढले असतील तर निप्पल वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली येतं आणि हवा वर अडकते. अशा गाडीत कितीही ऑइल काढलं तरी पेडल मऊच राहतं.

आणि ड्रममधले शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) आधी ॲडजस्ट करा. हे मी ठासून सांगतो, कारण लोक हे शेवटी करतात किंवा करतच नाहीत. शू आणि ड्रममध्ये फार फट असली की पेडल खाली जातं, आणि माणूस हवा शोधत बसतो. ड्रम चढवा, शू एवढे बाहेर आणा की चाक हाताने फिरवताना हलकासा घासल्याचा आवाज येईल पण चाक अडणार नाही.

एक ताकीद आहे. ड्रम काढलेला असताना, किंवा कॅलिपरमध्ये पॅड नसताना, पेडलला पाय लावायचा नाही. पिस्टन बाहेर उडतो. घरात मुलं असतील तर गाडीची दारं लॉक ठेवा.

मास्टर सिलिंडर

डबी कोरडी पडली असेल तर चाकांकडे जाऊच नका. मास्टर सिलिंडरच्या आत हवेचा खिसा असेपर्यंत चाकाशी काहीही करून उपयोग नाही, कारण पेडल दाबल्यावर ती हवा आतच दबते आणि सोडल्यावर फुगते, पुढे काही जात नाही.

डबी भरा. सिलिंडरला जोडलेल्या पाइपांच्या नटांखाली चिंध्या गुंडाळा. सोबत्याला पेडल सावकाश दाबून धरायला सांगा, मग एक नट अर्धा फेरा सैल करा. आधी फुसफुस आणि फेस येईल, मग ऑइल. पेडल खाली टेकायच्या आत नट आवळा आणि मगच पेडल सोडायला सांगा. प्रत्येक नटाला चार-पाच वेळा असं केलं की स्वच्छ ऑइल येऊ लागतं. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. पाण्याने ते धुऊन जातं, राहू दिलं तर रंगाला फोड येतात.

ऑइल डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने डोळे धुवायचे आणि डॉक्टरकडे जायचं. निप्पलशी झोपून काम करणाऱ्याने चष्मा घालावाच.

आधी ऑइलला आपोआप वाहू द्या

माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा टप्पा हाच, आणि यात तुम्हाला काहीच करायचं नसतं, म्हणूनच तो गाळला जातो.

गाडी चारही बाजूंनी शक्यतो समपातळीत ठेवा. सोसायटीच्या उतारावर हे काम करू नका. घोडी सरकण्याचा धोका आहेच, शिवाय गाडी तिरकी असली की हवा भलत्या कोपऱ्यात जाऊन बसते. आमच्या मुलुंडच्या इमारतीत कंपाउंडमध्ये गाडीची कामं करायला बंदी आहे. मी सेक्रेटरींना भेटून रविवारची परवानगी घेतली, गाडीखाली जुनं प्लॅस्टिक अंथरलं आणि एक थेंबही फरशीवर पडू देणार नाही असं सांगितलं. विचारलं की लोक नाही म्हणत नाहीत.

पेडलची काठी काढा, पेडल पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर डबीतून ऑइल खाली उतरणारच नाही. डबीचं झाकण नुसतं वर ठेवा, आवळू नका. आता चाकांची निप्पलं उघडा, प्रत्येकाला नळी लावून खाली बाटली ठेवा. चार बाटल्या नसतील तर एकेक चाक घ्या. आणि थांबा. ऑइल स्वतःच्या वजनाने पाइपातून उतरतं आणि हवेला पुढे ढकलतं, न घुसळता, फेस न करता. पुढच्या चाकांना काही मिनिटांत थेंब दिसतात, मागच्यांना अर्धा तासही लागू शकतो. ज्या चाकाशी थेंब सलग आणि बुडबुड्याविना पडू लागले ते निप्पल बंद करा. या वेळात डबीपासून हलायचं नाही. पातळी खाली आली की ऑइल घाला. डबी एकदा तळाला गेली की पुन्हा मास्टर सिलिंडरपासून सुरुवात.

एखाद्या चाकाशी तासाभरानेही काहीच आलं नाही तर निप्पलचं भोक बुजलंय, होस आतून बंद आहे किंवा पेडल पूर्ण वर येत नाही. पुढे जाण्याआधी ते शोधा.

दाब, धर, सोड

आता दुसरं माणूस लागतं. माझ्यासोबत माझी मुलगी बसली होती. आधी दोघांनी शब्द ठरवून घ्या, कारण गाडीखालून ऐकू कमी येतं आणि एका चुकीच्या वेळी सोडलेल्या पेडलने पाच मिनिटांचं काम वाया जातं. आमचे शब्द असे होते.

मी म्हणायचो, "दाब."

ती सावकाश दाबायची आणि म्हणायची, "दाबलं, बाबा."

मी निप्पल पाव ते अर्धा फेरा उघडायचो. पेडल खाली जाऊ लागलं की ती म्हणायची, "जातंय... जातंय..." ते टेकायच्या आधी मी निप्पल बंद करायचो आणि म्हणायचो, "सोड."

"सोडलं."

निप्पल उघडं असताना पेडल कधीही वर येता कामा नये. वर आलं की बाहेरची हवा आत खेचली जाते. म्हणून "सोड" हा शब्द निप्पल बंद केल्यानंतरच तोंडातून निघाला पाहिजे, आणि पेडलवरच्या माणसाने तो ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. मध्ये कोणाचा फोन वाजला, शेजारच्या काकांनी काही विचारलं, तरी नाही.

पेडल दाबायचं एकसारखं, सोडायचंही सावकाश. झटक्यात सोडलं की सिलिंडरच्या सीलजवळून हवा शिरू शकते. दोन दाबण्यांच्या मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या, डबीतून नवं ऑइल आत यायला तेवढा वेळ लागतो. जुन्या गाडीत पेडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पेडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळे सिलिंडरच्या त्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. हवा काढताना सील तिथून घासत गेलं की फाटतं, आणि लाइन बदलायला घेतलेली गाडी मास्टर सिलिंडर बदलून उठते.

नळीचं खालचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं असू द्या, आणि निप्पलपासून नळी आधी वर उचलून मग खाली न्या, म्हणजे निप्पलवर नेहमी ऑइलच राहील आणि बुडबुडे स्पष्ट दिसतील. बाटलीत जमलेलं ऑइल पुन्हा डबीत घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

चाकांचा क्रम असा. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही सहसा उजवीकडे. म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरू करून मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पुढच्या चाकांना जोर असलेल्या बऱ्याच गाड्यांत सर्किट तिरपं असतं, म्हणजे मागचं डावं आणि पुढचं उजवं एका सर्किटवर. अशा काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याच तिरप्या जोड्यांनी क्रम दिलेला असतो. मॅन्युअल हाताशी असेल तर तेच खरं.

दर चाकाला दहा-पंधरा वेळा लागेल. दर पाच-सहा वेळांनी डबी बघा, हे काम एका तिसऱ्या माणसाला दिलंत तर फार बरं. चारही चाकं झाल्यावर मी अर्धा तास थांबतो आणि पूर्ण फेरी पुन्हा करतो. नव्या लाइनच्या गाडीत दुसऱ्या फेरीला हमखास थोडे बुडबुडे निघतात. पेडल तरीही किंचित मऊ वाटलं तर रात्रभर गाडी तशीच ठेवा. बारीक बुडबुडे एकत्र येतात, सकाळी एकदम बाहेर पडतात.

निप्पल आवळताना जोर लावू नका. ते पोकळ असतं, ८-१० न्यूटन मीटर म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, बस्स. वर रबरी टोपी घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा गंजून बसेल.

व्हॅक्यूम पंपाने एकट्यानेही हवा काढता येते. पण पंप निप्पलच्या आट्यांमधूनही हवा ओढतो आणि नळीत कायम बुडबुडे दिसत राहतात, मग काम संपलं की नाही ते कळत नाही. लाइन भरायला पंप वापरा, शेवटची फेरी पायानेच करा.

हवा अडून बसते तिथे

मागच्या एक्सलवरून पाइप वळसा घालून जातो, त्या वळणाच्या उंच भागात बुडबुडा बसतो. तिथे पाइपाला पान्याच्या दांडीने हलक्या टिचक्या मारत सोबत्याला पेडल दाबायला सांगा. कॅलिपरवर रबरी हातोडीने तसेच ठोके द्या. काही गाड्यांत, विशेषतः व्हॅन आणि जीपमध्ये, मागच्या वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह एक्सलजवळ असतो आणि कधीकधी त्याला स्वतःचं निप्पल असतं. ते विसरलं की मागचं काम अपुरं राहतं.

हवा कोणत्या चाकाकडे आहे ते कळत नसेल तर होस दाबून बंद करायची गोल जबड्याची क्लॅम्प मिळते. एकेक होस बंद करून पेडल दाबून पाहा, ज्या चाकाचा होस बंद केल्यावर पेडल कडक झालं तिथे दोष आहे. साध्या पकडीने नवा होस चेंगरू नका.

पेडल काय सांगतं

इथे घाई नको. पेडल खाली जाण्याची तीन वेगळी कारणं आहेत आणि पायाला ती वेगळी लागतात.

पेडल मऊ, स्प्रिंगसारखं, आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन जरा कडक होत असेल तर हवा आहे.

पेडल खालपर्यंत जातं पण तिथे दगडासारखं कडक लागतं, आणि दुसऱ्या दाबाला वरच्यावर थांबतं, तर शूची फट जास्त आहे. हँडब्रेक ओढून पुन्हा दाबा. पेडल वर आलं तर खात्रीच.

पेडल आधी ठीक लागतं, मग पायाचा दाब कायम ठेवला की हळूहळू बुडत जातं, तर कुठेतरी गळतंय. बाहेर एकही थेंब दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचं सील आतून गेलंय. कितीही हवा काढा, हे सुधारणार नाही.

माझ्याकडे पहिली आणि दुसरी, दोन्ही कारणं एकत्र होती. दुपारपर्यंत मी फक्त पहिल्याच्या मागे लागलो होतो.

एबीएस असेल तर

एबीएसच्या युनिटमध्ये बारीक व्हॉल्व्ह आणि एक पंप असतो. युनिटपासून चाकाकडच्या लाइन बदलल्या आणि डबी कोरडी पडली नाही, तर वरच्या पद्धतीने बहुतेक वेळा काम होतं. पण मास्टर सिलिंडर आणि युनिटमधली लाइन उघडली असेल, किंवा डबी रिकामी झाली असेल, तर युनिटच्या आत हवा जाऊ शकते, आणि बंद व्हॉल्व्हांमागची हवा पायाने निघत नाही. स्कॅनर लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. गाडी टो करून ज्यांच्याकडे तुमच्या कंपनीचा स्कॅनर आहे तिथे न्या. चालवत नेऊ नका.

गाडी हलवण्याआधी

इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपेल. मग पूर्ण जोराने पेडल दाबून एक मिनिट धरा. ते तसूभरही खाली जाता कामा नये. सोबत्याने पाय तसाच ठेवलेला असताना तुम्ही टॉर्च आणि कोरडा टिश्यू घेऊन प्रत्येक जॉइंटवर फिरा. नव्या पाइपावर थेंब डोळ्याला दिसत नाही, पण टिश्यूवर डाग लगेच उठतो. बॅटरी जोडा आणि पाय पेडलवर असतानाच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाईल आणि मग थांबेल. ते बूस्टरचं काम आहे, घाबरू नका. थांबलंच नाही तर मात्र गाडी बंद करा.

चाकाचे नट आवळा, डबी खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा. कंपाउंडमध्ये पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर ठेवून, दहा-बारा वेळा थांबा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बाहेर काढू नका. मग पहाटे रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २० आणि मग ४० वरून ब्रेक मारून पाहा. मी रविवारी संध्याकाळी काम संपवलं आणि सोमवारी सकाळी सहाच्या आधी हे केलं. एलबीएस मार्गावरच्या बस आणि रिक्षांच्या गर्दीत पहिली चाचणी घ्यायची नाही, आणि घाटात तर पहिले दोन आठवडे जायचंच नाही.

बाटलीतलं वापरलेलं ऑइल गटारात ओतू नका. मुंबईची पावसाळी गटारं नाल्यांतून थेट खाडीला आणि समुद्राला मिळतात. इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका. वेगळ्या बाटलीत, वर नाव लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा गाडीखाली टिश्यू घेऊन जा. पॅड झिजतात तशी डबीची पातळी महिनोन्‌महिने किंचित उतरते, पण आठवड्यात बोटभर उतरली तर गळती आहे. डबीच्या झाकणावर आजची तारीख मार्करने लिहा, दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आहे.